हिंमतरावांच्या नावाची आंघोळ

आयाने स्पिरिटचा बोळा घेतला आणि श्यामलाबाईंच्या कपाळावरचं कुंकू दोन फटक्यांत पुसून टाकलं. तिच्या लेखी ते नखांच्या रंगासारखंच, ऑपरेशनला नेण्याआधी काढून टाकायचं. हातातल्या हिरव्या बांगड्या तिने आधीच फोडून काढल्या होत्या, मंगळसूत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून उल्काच्या हातात दिलं होतं. "आजी एकदम वेगळ्याच दिसायला लागल्या की हो," ती म्हणाली आणि सामानाची ट्रॉली ढकलत निघून गेली. उल्का तिथेच उभी राहिली. छप्पन वर्षांच्या आयुष्यात तिने आईचं कपाळ उघडं पाहिलं नव्हतं. आई न्हाणीघरातच मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा ठेवायची आणि बोटाने मेण फिरवून, त्यावर रुपयाएवढं कुंकू रेखूनच बाहेर यायची. तापात, लेकीच्या घरी बाळंतपण काढताना, लाइट गेलेले असतानासुद्धा. त्या कुंकवाखाली इतकी वर्षं ऊन न लागलेला एक पांढुरका गोल तयार झाला होता, आणि गुंगीतल्या आईचा तो गोल उल्काकडे बघत होता. नवरा बेपत्ता आहे, मेलेला नाही, या एका गोष्टीवर आईने आयुष्य काढलं होतं. आणि ती गोष्ट एका बोळ्याने पुसली जाते हे बघायला उल्का काही तयार नव्हती.

ती दवाखान्याबाहेर पडली. नाना पेठेचा तो रस्ता ड्रेनेजसाठी उभा-आडवा खणलेला होता आणि चहाच्या टपरीपर्यंत पोहोचायला मातीच्या ढिगाऱ्यांवरून कसरत करावी लागत होती. चौकात एका गणपती मंडळाचं छोटंसं स्मारक होतं, म्हणजे होतं असं म्हणायचं. खोदकामामुळे ते हलवायला काढलं होतं आणि त्याचे काळे दगड कडुनिंबाला टेकवून ओळीने उभे केले होते. लग्नाच्या कार्यालयाबाहेर खुर्च्या ठेवतात तसे. शहरातल्या हुतात्मा जवानांची नावं. उल्काने कप हातात घेतला आणि काही वाचायचं म्हणून वाचलं. तिसऱ्या दगडावर, खालून दुसरं: सुभेदार हिंमतराव रखमाजी भाडळे, येरवडा. श्रीलंका, १९८७. चहा हातावर सांडला, तरी ती कप धरूनच उभी राहिली.

हिंमतराव रखमाजी भाडळे हे तिच्या वडिलांचं नाव. पण तिचे वडील वाघोलीचे, आणि एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झालेले, शिपाई. भिंतीवरच्या फोटोत खांद्यावर काही नव्हतं. बेपत्ता माणसाला बढती मिळत नाही. बेपत्ता माणूस सोळा वर्षांनी दुसऱ्या देशात जाऊन पुन्हा मरत नाही. तिने विमा कंपनीत दावे निकालात काढायच्या विभागात पंचवीसेक वर्षं काढली होती. सात वर्षं माणूस बेपत्ता असला की कायदा त्याला मेलेला धरतो, हे वाक्य तिने कितीतरी रडणाऱ्या बायकांना शांत आवाजात सांगितलं होतं आणि घरी येऊन, रोज कुंकू लावणाऱ्या आईच्या हातचं जेवली होती. नावं जुळतात. भाडळे काय कमी आहेत? रखमाजी नावाचे आजोबा त्या पट्ट्यात प्रत्येक वाड्यावस्तीवर एक असतील. हे सगळं तिने स्वतःला पटवलं, आणि ते अजिबात पटलं नाही.

वडिलांची तिला आठवण नव्हती. आठवण होती ती त्यांच्या नावाच्या आंघोळीची. पाचेक वर्षांची असेल. वाघोलीच्या घरामागची विहीर, थंडीचे दिवस, आणि घरातले सगळेच्या सगळे, आजोबा, दोन्ही काका, काकू, नेसत्या कपड्यांनिशी ओळीने उभे. एकेक घागर डोक्यावर ओतली जात होती. आजी रडत होती आणि रडता रडता शिव्या देत होती, हे तिला तेव्हाही विचित्र वाटलं होतं. मग आजीने तिला बखोटीला धरून ओढलं आणि गार पाण्याची घागर तिच्यावर रिकामी केली. श्वास कोंडला. "झालं! सुटलो!" आजोबा म्हणाले. उल्का थरथरत आत पळाली तर आई चुलीपुढे बसलेली, कोरडी. सगळं घर ओलं आणि आई तेवढी कोरडी. तिने पोरीला पदरात घेतलं, पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी बोचकं बांधून तिला घेऊन पुण्याला आली. पुढे मोठी झाल्यावर उल्काने विचारलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "ते म्हणाले गेला. मी म्हटलं नाही. म्हणून मी आंघोळ केली नाही." किती सरळ उत्तर होतं! त्या उत्तरावर उल्का वाढली. मार्केट यार्डात भुसार आडतीत धान्य निवडणारी आई, गुलटेकडीची एक खोली, अंथरुणालासुद्धा गोणपाटाचा आणि तुरीच्या कोंड्याचा वास, आणि या सगळ्यावर कमानीसारखं ते एक वाक्य. शाळेत दर पंधरा ऑगस्टला तिला झेंड्याशेजारी उभं करायचे. जवानाची मुलगी. बाकीच्यांना एक पेढा, तिला दोन. आईने सरकारचा पैसा कधी मागितला नाही. "मागितला म्हणजे गेला असं मीच लिहून दिलं," ती म्हणायची. बायका तोंडात बोट घालायच्या. काही हळदीकुंकवाला बोलवायच्या, काही मुद्दाम विसरायच्या. आईला दोन्हींचं सारखंच.

ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, मग छातीत पाणी झालं असं म्हणाले. पुण्यातले डॉक्टर वाईट बातमी हवामानखात्यासारखी देतात. आई वॉर्डात परत आली ती ओठ सुकलेली, नाकात नळी, आणि शुद्धीवर येताच तिचा हात आधी कपाळाकडे गेला. बोट त्या गोलावर फिरलं. मग तिने उल्काकडे पाहिलं. "माझं कपाळ उघडं आहे."

"ऑपरेशनला पुसावं लागतं, आई."

"झालं ना ऑपरेशन? लाव."

करंडा, मेणाच्या डबीसकट, उल्काच्या पर्समध्येच होता. काल आमोदने, तिच्या नवऱ्याने, घरून आठवणीने आणून दिला होता. वर म्हणालाही होता की सासूबाईंचं खरं औषध हे आहे, बाकी बिल वाढवायला. उल्काने पर्सच्या चेनला हात लावला. आणि तिचा हात थांबला. का थांबला, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. पण कडुनिंबाला टेकलेला तो दगड मध्येच उभा होता. जर तो तोच असेल तर आपण कोणाच्या नावाने लावतो आहोत? "उद्या लावते," ती म्हणाली. "सिस्टर ओरडतील."

आईने मान वळवली. आयुष्यभर धान्यातले खडे वेचलेली ती. लेकीच्या आवाजातला खडा तिला कळला नसेल असं होणं शक्य नव्हतं. मग ती म्हणाली, "मला हिरवं नेसवायचं. ओटी भरायची. कोण काय म्हणेल ते म्हणू दे." आणि डोळे मिटून घेतले. उल्का खाटेला धरून बसून राहिली. आईला काय हवं आहे ते आता स्वच्छ होतं, आणि ते देणारी ती एकटीच होती. खोटं असेल तर ते खोटं आपल्या हाताने लावायचं. खरं असेल तर मग इतके आढेवेढे कशाला? तिला आधी कळायला हवं होतं. दाव्याची चौकशी पूर्ण झाल्याशिवाय सही करायची नाही ही सवय हाडीमाशी खिळलेली. आणि आता आईचा दावा समोर आला तर ती सवय सुटेना.

सकाळी आमोदला आईपाशी बसवून ती चौकात गेली. दगडांपाशी कानटोपी घातलेले एक गृहस्थ मजुरांवर खेकसत होते. बाळ घैसास. वय पंच्याहत्तर आणि नाव बाळ. पुण्यात हे खपून जातं. मंडळाचे जुने अध्यक्ष ते. त्यांच्या पायाशी मातीने भरलेल्या दोन बादल्या होत्या आणि भांडण त्या बादल्यांवरून चाललं होतं.

"दगड नेतील हो, दगड काय, कोणीही नेईल," ते उल्काला म्हणाले, जणू ती तक्रार घ्यायलाच आली होती. "या दगडांखालची माती कोण नेणार? कंत्राटदार म्हणतो आजोबा, ढिगाऱ्यात टाका. मी म्हटलं, तुझ्या घरचा ढिगारा नाही हा."

"कसली माती आहे?"

"तुम्ही इथल्या नाही वाटतं. आमच्या मंडळाचा नियम होता. रौप्यमहोत्सवाला डेकोरेशन नाही केलं, स्मारक केलं. तेव्हा ठरलं की ज्याचं नाव कोरायचं त्याच्या घरच्या माणसाने स्वतः यायचं आणि घरातली मूठभर माती दगडाखाली घालायची. कोणी यादी दिली, कोणी ओळख सांगितली, चालणार नाही. माती आणा, नाव लावा. तीन नावं त्यामुळे राहिली, पण नियम म्हणजे नियम."

उल्काने तिसऱ्या दगडाकडे बोट केलं. आपला आवाज दावे विभागातला झाला आहे हे तिला कळलं. "या भाडळ्यांची माती कोणी आणली होती?"

घैसासांनी कानटोपी वर सरकवली. "ते कसं विसरेन? त्याच्यावरून मीटिंग झाली होती. बाई आली येरवड्याहून, दुधाच्या पावडरीच्या डब्यात माती घेऊन. पांढरी साडी, डोक्यावरून पदर. नाव विचारलं तर म्हणाली आबेदा. आता नवरा हिंमतराव आणि बायको आबेदा, आमच्यातल्या दोघातिघांना उचक्या लागल्या. मी म्हटलं, हे बघा, आपण गणपतीची वर्गणी मागताना दारावरची पाटी वाचतो का? नाही ना? मग मातीची कशाला वाचता?" ते स्वतःच्या वाक्यावर खूश झाले, मग उल्काचा चेहरा पाहून जरा नरमले. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"तेच शोधते आहे," उल्का म्हणाली.

त्या बाई वारल्या, पण मुलगी दर वर्षी येऊन दगड धुऊन जाते, येरवड्यात तिचं शिवणाचं दुकान आहे, शाइस्ता लेडीज टेलर, जेलच्या रस्त्याने जाऊन कोणालाही विचारा. घैसासांनी हेही सांगितलं, आणि बादल्या उचलून घरी निघाले. सगळ्या मुठी आता एकत्र झाल्या होत्या, कोणाची कोणती ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दवाखान्यात फोन केला तर आमोद म्हणाला, झोपल्या आहेत, तू ये सावकाश. म्हणून ती रिक्षात बसली. पुलावरून जाताना नदीचा वास आला. लहानपणी येरवडा म्हणजे जेल आणि वेड्यांचं हॉस्पिटल. वात्रटपणा केला की आई म्हणायची, येरवड्याला धाडीन. आता तिला आठवलं की बाकीच्या आया असं म्हणून हसायच्या, तिची आई हसायची नाही. रिक्षावाला काहीतरी सांगत होता, वाघोलीला त्याने फ्लॅट बुक केलाय, कॉलेजं झालीत, पाणी टँकरचं आहे. उल्का हं हं करत होती. तिला आणखी एक दिवस आठवत होता. ती कॉलेजात होती. सायकलवरून एक दाढीवाला माणूस आडतीत आला, आईशी दोन शब्द बोलला, आणि आई हात धुऊन, कोणाला न सांगता त्याच्याबरोबर गेली. ती परतली ती दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घालून. त्याआधी आई चारच घालायची, काम करताना टिकत नाहीत म्हणून. "आज काय विशेष, नवरीबाई?" उल्काने चेष्टा केली होती. आईने त्या दिवशी कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं, पुरण घातलं, आणि दोघींनी न बोलता पोळ्या खाल्ल्या. मग पुढे सबंध आयुष्य आईचे हात तसेच भरलेले राहिले. एखादी बांगडी पिचली की म्हणायची, वाढवली, आणि लगेच दुसरी भरायची.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीनवरून मान वर करणारी बाई पन्नाशीला टेकलेली, गळ्यात टेप. आणि भुवया! डावी भुवई मध्येच तुटलेली, उल्काची होती तशी, आणि भिंतीवरच्या फोटोत होती तशी. आता चौकशी संपल्यातच जमा होती. दोघी काही वेळ एकमेकींच्या भुवया बघत राहिल्या.

"तुम्ही उल्काताई," शाइस्ता म्हणाली. प्रश्न नव्हताच तो. "बसा ना. कापडं सरकवते."

आत कपाटावर फोटो होता. पिकलेल्या मिशांचे, खांद्यावर तारे असलेले हिंमतराव, शेजारी एक गोरटेली बाई. उल्काने आपल्या बापाच्या मिशा पिकलेल्या पहिल्यांदाच पाहिल्या. तिने कोरड्या तोंडाने विचारलं, "ते एकाहत्तरला बेपत्ता झाले नव्हते?"

"बेपत्ता?" शाइस्ता गोंधळली. "जखमी झाले होते. इथे मिलिटरीच्या दवाखान्यात होते आठ-नऊ महिने. अम्मी तिथे आया होती. मग..." तिने टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळली. "मग जे झालं ते झालं. अब्बांनी वाघोलीला जाऊन स्वतः सांगितलं, लपवलं नाही. तर तिथल्या लोकांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. जितेजागते असताना. अब्बा ते हसून सांगायचे, बघा, माझं एकदा करून झालंय, आता मला मरण नाही. फक्त एक बोलायचे शेवटी. 'पोरीलाही घातली म्हणे.' एवढंच. मग उठून बाहेर जायचे."

उल्काच्या डोक्यावर घागर रिकामी झाली. तेच पाणी, तोच कोंडलेला श्वास. आजी शिव्या का देत होती, आजोबा सुटलो का म्हणाले, हे सगळं इतकं उघड होतं की कोणत्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. तिला कळलं नाही कारण आईने सांगितलेलं त्याहून सुंदर होतं. मेलेल्याची आंघोळ आणि टाकलेल्याची आंघोळ, पाणी दोन्हीला सारखंच. आणि ती स्वतः त्या ओळीत होती. बापाला जिवंतपणी टाकून देणाऱ्यांत ती सगळ्यात धाकटी होती, दात वाजत असलेली. नवऱ्याने टाकलेली बाई म्हणून जगण्यापेक्षा बेपत्ता जवानाची बायको म्हणून जगणं आईने पत्करलं. झेंड्याशेजारचे ते दोन पेढे! तिला आईचा भयंकर संताप आला. नदीच्या पलीकडे माणूस होता. बसने अर्धा तास. तो पोरीची आठवण काढत बाहेर जाऊन उभा राहत होता आणि पोरगी झेंड्याखाली त्याच्या नावाचे पेढे खात होती.

"सत्त्याऐंशीला श्रीलंकेत गेले," शाइस्ता सांगत होती. "तिकडेच सगळं केलं त्यांचं. खबर आली तेव्हा अम्मीने पहिल्यांदा करीममामाला मार्केट यार्डात धाडलं. म्हणाली, हक्क त्यांचा आधी आहे. मोठ्या आई आल्या. मी या दारात उभी होते. अम्मीने भिंतीवर हात उगारला होता, बांगड्या फोडायला. मोठ्या आईंनी मनगट धरलं. म्हणाल्या, 'फोडू नकोस. दे मला.' साबण लावून एकेक काढली आणि स्वतःच्या हातात भरली. सगळ्या. मग म्हणाल्या, 'रांडपण तू घे. मला नको. त्याच्या घरच्यांनी मारला तेव्हा मी मारला नाही, आता तू सांगतेस म्हणून कशी मारू?' बस्स. चहाही नाही घेतला."

"आणि तुझ्या आईने ऐकलं?"

"ऐकलं म्हणजे? अम्मी शेवटपर्यंत पांढऱ्यात राहिली. शेजारच्या बायका म्हणायच्या, आबेदा, इद्दतचे चार महिने कधीच संपले, रंग घाल ना काहीतरी. तर म्हणायची, एकटीचं असतं तर संपलं असतं. मी दोघींचं पाळते." शाइस्ताने हे तक्रारीसारखं सांगितलं नाही, आणि म्हणूनच उल्काला तिच्याकडे बघवेना. पेन्शनच्या कागदावर आबेदा कोणी नव्हती, आणि जी होती ती सही करायला गेली नाही. सरकारची पै दोन्ही घरांत आली नाही. एकीने धान्य निवडलं, एकीने ब्लाउज शिवले. आईचं कुंकू फुकट नव्हतं. त्याची किंमत या खोलीत या माणसांनी मोजली होती.

फोन पर्समध्ये केव्हाचा थरथरत होता. करंड्याला आपटून त्याचा बारीक खडखड आवाज येत होता. उल्काने तो काढला. आमोदचे बरेच फोन येऊन गेले होते.

आई गेली ती उघड्या कपाळाने. झोपेतच, आमोद म्हणाला. शेवटी एकदा हात कपाळाकडे नेला, मला वाटलं डोकं दुखतंय. ज्या गोष्टीसाठी तिने दोन घरांची माती केली, तेवढी एक गोष्ट तिला मरताना मिळाली नव्हती. आणि ती करंड्यासकट पर्समध्ये घालून, चौकशी पूर्ण करायला, उल्का नदीपलीकडे गेली होती. एका बोटाचं काम होतं. उद्या लावते, सिस्टर ओरडतील! रिक्षात ती मोठ्याने रडली, आणि रिक्षावाल्याने आरसा वळवला.

घरी आणलं तेव्हा सोसायटीतल्या बायका जमल्या होत्या. शेजारच्या विजयमालाताई अशा वेळी आपसूकच सगळं हातात घेतात. त्यांनी हिरवी साडी, खण, नारळ, सगळं मागवून ठेवलं होतं. आईने त्यांनाही सांगून ठेवलं होतं म्हणे, वर्षानुवर्षं. साडी नेसवून झाली. मग विजयमालाताई जरा घुटमळल्या. त्यांचं लक्ष त्या पांढुरक्या गोलाकडे होतं. "उल्का, तू म्हणशील तसं हं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे इतकी वर्षं झाली, नक्की काही कळलेलं नाही... शास्त्राप्रमाणे काय ते तूच सांग."

सगळ्या थांबल्या. पुण्यातल्या बायका गप्प राहतात तेव्हा फार ऐकत असतात. उल्काने पर्स उघडली. दावा खोटा होता, हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. अडतीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची बायको. त्याच्याही आधी टाकलेली. तिने मेणाची डबी उघडली आणि बोट त्या गोलावर ठेवलं. कातडी गार आणि लहान मुलासारखी मऊ लागली. राग गेला नव्हता. आईवरचा राग, आईची दया, आईचा अभिमान, सगळं एकाच बोटात होतं. तिने मेण फिरवलं, त्यावर कुंकू भरलं, रुपयाएवढं, मग आणखी थोडं मोठं. "लावायचं," ती म्हणाली. "तिला हवं होतं."

तेवढ्यात दारात शाइस्ता आली. चपला काढून, पदर डोक्यावर घेऊन उभी. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "या कोण?" कोणीतरी विचारलं. "माझी बहीण," उल्का म्हणाली. शाइस्ता पुढे येऊन खाली बसली. वर्तमानपत्रात हिरव्या बांगड्या होत्या. तिने आईचा बांगड्या काढलेला मोकळा हात मांडीवर घेतला आणि अंगठा आत दुमडून, एकही न पिचवता, एकेक चढवली. "अम्मीच्या मापाच्या आणल्या," ती उल्काला म्हणाली. "मागच्या खेपेला बसल्या होत्या." मग बायका एकेक करून आईच्या पायाला कुंकू लावून तेच आपल्या कपाळी टेकवू लागल्या. अहेव गेल्या, भाग्याच्या हो, असं मरण मागून मिळत नाही. शाइस्ता भिंतीशी उभी राहून हे ऐकत होती.

वैकुंठ स्मशानावरून परत यायला दुपार टळली. दारात कडुनिंबाचा पाला, बादली. मुलाचा, केयूरचा, परदेशातून फोन येऊन गेला होता, रडला म्हणे. आमोदने गीझर लावला होता. उल्काने डोक्यावरून आंघोळ केली, केस पिळले, कपडे बदलले आणि बाहेर येऊन भिंतीवरच्या शिपायाच्या फोटोसमोर उभी राहिली. त्याला एकदा जिवंतपणी आंघोळ झाली होती. तो खरा मेला तेव्हा वाघोलीत कोणी केली नाही. त्यांची करून झाली होती. इथे आईने केली नाही; तिला मान्य नव्हतं. रक्ताची म्हणून त्या विहिरीवर उभी होती अशी एकच उरली होती. ती न्हाणीघरात परत गेली आणि गार पाण्याचा नळ बादलीत सोडला.

"अगं, आत्ताच झाली ना?" आमोद दाराशी येऊन म्हणाला. "अजून किती?"

"ती आईची होती."

"मग ही?"

"बाबांची," उल्का म्हणाली. "मागच्या वेळी चुकीची केली होती."

आमोदकडे प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं. या वेळी त्याने फक्त गीझरचं बटण बंद केलं. बादली भरली तशी तिने नळ बंद केला, दार लोटलं, आणि अंगावरचे कोरडे कपडे न काढता पहिला तांब्या डोक्यावर घेतला.